निपलचे कंगोरे गेले, आता काय?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

पाऊस सरला, दिवाळीच्या सुट्टीत घाट उतरायचे बेत ठरू लागले, की लोकांचं लक्ष ब्रेककडे जातं. या वेळी आलेल्या पत्रांतली बरीच पत्रं एकाच भागाबद्दल आहेत : ब्रेकची हवा काढायचा निपल. करंगळीच्या पेराएवढा हा पोकळ स्क्रू, पण तो अडला की चांगले चांगले हात टेकतात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून ही सगळी जागा त्यालाच देतो आहे.

प्रश्न : माझी २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ब्रेक ऑइल बरीच वर्षं बदललं नव्हतं, म्हणून मुलाला पेडल मारायला बसवून मीच बदलायला घेतलं. तीन चाकं झाली. मागच्या डाव्या चाकाचा निपल काही हलेना. फिक्स पान्याने जोर लावला, पाना घसरला आणि निपलचे कंगोरे गोल झाले. व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरला तर तीही घसरते आहे. गळती मात्र अजिबात नाही, पेडलही कडक आहे. आता निपल काढू कसा? की तसाच राहू द्यावा? महिन्यातून एखादी फेरी आम्ही कुंभार्ली घाटाने कराडला करतो. (एक शिक्षक, गुहागर)

उत्तर : सर, व्हाइस ग्रिप आधी खाली ठेवा. तुमचा निपल अजून शाबूत आहे, फक्त त्याचं डोकं गेलंय. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. निपल तीन प्रकारे बिघडतो : डोक्याचे कंगोरे जातात, आटे जातात, किंवा तो मधून तुटतो. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात आणि आपल्याला तिसरी टाळायची आहे. व्हाइस ग्रिपने हिसके देत राहिलात तर आज संध्याकाळपर्यंत तिसरीवर पोचाल.

तो तुटतो कुठे, हे कळलं की हात आपोआप सांभाळून चालतो. निपलच्या मधून लांबीभर भोक असतं. टोकाला निमुळता कोन असतो आणि त्या कोनाच्या जरासं वर एक आडवं भोक आरपार काढलेलं असतं. निपल आवळला की तो कोन व्हील सिलिंडरच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागाच्या, आतल्या खोबणीवर घट्ट बसतो आणि ऑइलची वाट बंद होते. सैल केला की ऑइल आडव्या भोकातून मधल्या भोकात आणि तिथून तुमच्या नळीत येतं. म्हणजे हा स्क्रू मुळात पोकळ, त्यात टोकाशी आडवा छेद. त्याला आवळायचा जोर कंपन्या साधारण ७ ते १० न्यूटन मीटर सांगतात, चाकाच्या नटाच्या दहाव्या हिश्श्याइतका. एवढ्याशा जोरासाठी बनवलेल्या वस्तूवर फूटभर दांड्याने लटकलं की ती पिळवटून तुटणारच. त्यात तुमच्याकडची खारी हवा आणि आपल्या कोकणातला पाऊस. आटे आणि सिलिंडरचं बीड (ओतीव लोखंड) गंजून एकजीव झालेलं असतं.

आता निपलला हात लावण्याआधी एक निर्णय करून टाका. मागच्या चाकाचं व्हील सिलिंडर हा स्वस्त भाग आहे. तुमच्यासारख्या नेहमीच्या गाडीचं तर कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं, आणि नव्या सिलिंडरबरोबर नवा निपल बसवलेलाच येतो. तेव्हा माझा सल्ला सरळ आहे : निपलवर एक शांत, नीट प्रयत्न करा. निघाला तर उत्तम. नाही निघाला तर त्याच्याशी भांडू नका, सिलिंडरच बदला. पुढच्या कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला पॅडने आवळणाऱ्या भागाचा, निपल असता तर मी आणखी दोन उपाय सांगितले असते, कारण कॅलिपर महाग. मागच्या ड्रम ब्रेकच्या सिलिंडरवर तेवढा जीव टाकण्यात अर्थ नाही.

तो शांत प्रयत्न कसा करायचा ते सांगतो. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना उटी, मागचं चाक काढलेलं, आणि गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही. निपलभोवती तारेच्या ब्रशने घासून लोखंड उघडं करा. रबरी टोपी काढा, मधलं भोक बारीक तारेने मोकळं करा. मग गंज सोडवणारं तेल आट्यांच्या मुळाशी थेंबभर सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी पुन्हा थेंबभर. तेल बाहेरच्या आट्यांनाच लावायचं. निपल उघडायच्या आधी ते पुसून काढायचं, कारण खनिज तेलाचा अंश जरी ब्रेकच्या आत गेला तरी आतली रबरं फुगतात, मऊ पडतात. तेल लावायचंच आहे तर शेजारच्या ब्रेक पाइपच्या नटालाही लावून ठेवा. सिलिंडर बदलायची वेळ आली तर तोच नट पुढचा अडथळा असतो, आणि तेव्हा ही एक रात्र कामाला येते.

दुसऱ्या दिवशी पाना लावण्याआधी हातोडी घ्या, छोटी, पाव किलोची. निपलच्या डोक्यावर सपाट सळई उभी धरून वरून टक् टक् असे हलके ठोके द्या. मग निपलभोवतीच्या बीडावर चारही बाजूंनी. आट्यांमधला गंज ठिसूळ असतो, तो अशा धक्क्याने फुटतो आणि तेलाला आत वाट मिळते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे सगळ्यात आधी शिकवतो, आणि सगळ्यात जास्त कंटाळा त्यांना याचाच येतो.

आता पकड. डोकं ८ मिलिमीटरचं असेल, तर बारीक कानशीने समोरासमोरच्या बाजू घासून त्याचा ७ करा. सगळ्या सहा बाजू घासल्यात तर फारच छान, पण समोरासमोरच्या दोन नीट सपाट झाल्या तरी ७ चा पाना बसतो. सहाही झाल्या तर ७ ची सहा कोनांची गोटी (सॉकेट) हातोडीने ठोकून घट्ट बसवा. बारा कोनांची नको, ती कोपऱ्यांवरच धरते आणि उरलेसुरले कोपरेही खाते. डोकं १० चं असेल तर घासायचीही गरज नाही : तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, गोटी घ्या. ती साडेनऊ मिलिमीटरच्या जरा वर भरते, गोल झालेल्या दहाच्या डोक्यावर ठोकून बसवली की जागची हलत नाही. जुन्या बाजारात अशी सुट्टी सुती गोटी सहज मिळते. व्हाइस ग्रिपच वापरायची तर आधी मधल्या भोकात बरोबर बसेल अशा ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा घाला. मग जबड्याच्या दाबाने निपल चेपत नाही. चेपला की तो अंडाकृती होऊन आट्यांत आणखी आवळतो.

फिरवताना सुरुवात आवळायच्या दिशेने करा, अगदी केसभर. मग सोडायच्या दिशेने. पुन्हा केसभर आवळा, पुन्हा सोडा. बारीकसा 'कट्' असा आवाज आला आणि तो थोडा सरकला की गंज सुटला असं समजा. पण आवाज न येता पाना रबरासारखा ताणत पुढे जाऊ लागला, तर तिथेच थांबा. निपल सुटत नाहीये, पिळवटतोय. हा फरक हाताला कळतो, थोडं सावकाश केलंत तर तुम्हालाही कळेल. तिथे थांबलात तर चाक घालून गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेता येते. पुढे रेटलंत तर तुटलेल्या निपलमधून ऑइल गळणारी गाडी दारात उभी राहते.

गॅसचा टॉर्च सुचवणारे शेजारी भेटतील. व्हील सिलिंडर गाडीवर असताना ज्योत लावू नका. आत रबरी कप आहेत, ब्रेक ऑइल भरलेलं आहे, ते उकळतं आणि पेटतंही. त्यातून कुणी आधी ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून वर ज्योत किंवा वेल्डिंग लावलं तर धोका आणखी वाढतो. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, त्याची वाफ तापली की विषारी वायू तयार होतो. उष्णता वापरायची ती फक्त गाडीवरून उतरवून, पिस्टन आणि रबरं काढून, धुऊन कोरड्या केलेल्या कॅलिपरवर. तिथे मात्र ती फार गुणकारी आहे. निपलच्या डोक्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा, तो गार होत आला की पान्याने सोडायचा. नट धरायलाही मिळतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो.

ईझी आउटबद्दलही तुम्ही विचाराल. तो निमुळता, उलट्या आट्यांचा दांडा मधल्या भोकात घालून फिरवायचा असतो. भरीव बोल्टला तो चालतो. निपल पोकळ आणि पातळ भिंतीचा, दांडा आत रुतला की भिंत बाहेर फाकते आणि आटे आणखी गच्च होतात. वर तो दांडा कडक पोलादाचा. आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही उठत नाही. तुम्ही याच्या वाटेला जाऊ नका.

सिलिंडर बदलायची वेळ आली तर ब्रेक पाइपच्या नटाला फ्लेअर नटचा पाना लावा, जो पाइपच्या बाजूने आत जातो आणि बाकी सगळीकडून नटाला वेढतो. साध्या फिक्स पान्याने तोही नट गोल होईल. नटाबरोबर पाइपही वळताना दिसला तर थांबा, नाहीतर पाइप पिळून फुटेल. मग सिलिंडर आणि पाइप दोन्ही बदलणं आलं, ते गॅरेजमध्येच करा. ड्रम उघडलाच आहे तर लायनर (ड्रमला घासणारी अस्तरं) ऑइलने भिजलेत का पाहा. भिजले असतील तर धुऊन पुन्हा लावू नका, दोन्ही मागच्या चाकांचे एकदम बदला. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असले की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

आता तुमचा खरा प्रश्न : तसाच ठेवला तर? गळती नाही, पेडल कडक आहे आणि त्या चाकाची लाइन तुम्ही उघडलेलीच नाही, म्हणजे तिथे हवा शिरलेली नाही. ब्रेक कालपर्यंत लागत होता तसा आजही लागेल. गावात, बाजारापर्यंत, शाळेत, भाग येईपर्यंत गाडी वापरायला हरकत नाही. कुंभार्ली घाट मात्र नको. त्याचं कारण गळतीत नाही, त्या चाकात राहून गेलेल्या जुन्या ऑइलमध्ये आहे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ चं २३० ला. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. ही चाचणीसाठी ठरवलेली पातळी आहे. बरीच वर्षं न बदललेलं ऑइल तिथवर किंवा तिच्याही पुढे गेलेलं असू शकतं. घाट उतरताना ड्रम आणि डिस्क किती तापतात हे पायथ्याशी उतरून वास घेतला तरी कळतं. ती उष्णता सिलिंडरमधल्या ऑइलपर्यंत पोचते. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो, आणि पेडल जमिनीला टेकतं. त्या क्षणी बाकीच्या तीन चाकांत नवं ऑइल आहे म्हणून तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात असं समजू नका. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग तिरके जोडलेले असतात, पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं एक. एका मार्गात वाफ झाली की अर्धाच ब्रेक उरतो, आणि तोही पेडल खूप खाली गेल्यावर. बरोबर बायकामुलं असतात, सर. सिलिंडर बदलून मगच घाट चढा.

काम झाल्यावर तपासणी अशी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपेल. मग पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवा. ते हळूहळू खाली जाता कामा नये. तसंच दाबून इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली जाईल, ते बूस्टरचं लक्षण आहे, घाबरू नका. नंतर चारही निपल कापसाने कोरडे पुसा, पुन्हा दाबा आणि प्रत्येकाकडे बॅटरी मारून पाहा.

आणि नव्या निपलला त्याची रबरी टोपी घाला. टोपी गेली की मधल्या भोकात पाणी साठतं आणि गंज आतूनच सुरू होतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळुणात शिरलं, तेव्हा गाळात बुडालेल्या गाड्यांवर आम्ही पुढे कित्येक महिने काम करत होतो. ज्यांच्या निपलना टोप्या होत्या, त्यांचे निपल बहुतेक सुटले. ज्यांच्या गेल्या होत्या, त्यांच्या भोकांत गाळ वाळून सिमेंट झाला होता. टोपी दोन-पाच रुपयांची. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं तर निपलही त्या निमित्ताने फिरतो. आटे बाहेर आल्यावर त्यांना ब्रेकसाठी मिळणाऱ्या रबर ग्रीसचा पुसट हात लावायचा, टोकाचा कोन सोडून.

प्रश्न : पुढच्या उजव्या चाकाच्या निपलमधून थेंब थेंब ऑइल येत होतं. गावातल्या गॅरेजवाल्यांनी आटे सैल झालेत म्हणून निपलला टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला. दोन दिवस बरं वाटलं, आता टोपी पुन्हा ओली दिसते. दोन वेळा टेप बदलून झाला. जाड टेप लावावा का? आम्हाला आंबा घाटाने रत्नागिरीला जायचं आहे. (एक व्यापारी, कोल्हापूर)

उत्तर : टेप जाड असो की पातळ, त्याने ही गळती थांबणार नाही. वरच्या उत्तरात निपलची रचना सांगितली आहे, ती पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ऑइल अडवण्याचं काम आटे करतच नाहीत. टोकाचा कोन करतो. कोन नीट बसला नाही की ऑइल त्याच्या कडेने आडव्या भोकात शिरतं, मधल्या भोकातून वर येतं आणि टोपीत साठतं. टेप आट्यांवर, आणि ऑइल येतंय मधून. दोन दिवस बरं वाटलं ते टोपी रिकामी होती म्हणून.

टेपचा एकच खरा उपयोग आहे. व्हॅक्यूम पंपाने हवा काढताना सैल केलेल्या निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत असं वाटतं. ते टाळायला काहीजण टेप लावतात. मी तेही करत नाही, कारण टेपचा तुकडा सुटून आत गेला तर तो बारीक छिद्रांत अडकतो. तिथे ग्रीस पुरतं.

तुमच्या निपलमध्ये दोनपैकी एक झालं असणार. कोनावर किंवा खोबणीत कचरा बसलाय, कोनाला चर पडलाय, हे सोपं. किंवा आटे खरंच ओढले गेलेत आणि निपल कोनाला दाबूच शकत नाही, हे अवघड. ओळखायचं असं : निपल हाताने शेवटपर्यंत घाला, मग छोट्या पान्याने आवळा. स्पष्ट थांबला आणि कडक लागला तर आटे आहेत. आवळताना आधी कडक लागून मग लोण्यासारखा फिरत राहिला तर आटे गेले.

आटे असतील तर नवा निपल आणा. जुना बरोबर घेऊन जा आणि दुकानात आट्याला आटा, टोकाला टोक लावून पाहा. कारच्या निपलमध्ये ७ मिलिमीटरचा १ पिच (दोन आट्यांमधलं अंतर), ८ चा १.२५, १० चा १ असे वेगवेगळे आटे असतात. दिसायला सारखा म्हणून १० चा १.२५ पिचचा काहीतरी पिळून घातला की तो पहिल्या दोन फेऱ्यांतच कॅलिपरचे आटे कापून टाकतो. तुमच्याकडे मुळात हेच झालं नसेल ना, हेही तपासून घ्या. नवा बसवण्याआधी खोबणी ब्रेक क्लीनरने धुऊन सुती चिंधीने पुसा. बसवल्यावर हलकाच आवळा. गळतंय म्हणून जोराने आवळलं की कोन खोबणीत रुतून तिचा आकार बिघडतो आणि पुढचा नवा निपलही गळतो.

आटे गेले असतील तर कॅलिपर बदला. लेथवाल्याकडे नेऊन मोठा आटा पाडून घेण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. आमच्या भागात असे कुशल कारागीर आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण इथे नुसता आटा पाडून भागत नाही. आतली कोनाची खोबणी त्या आट्याशी अगदी एका रेषेत असावी लागते, आणि जोरात ब्रेक मारताना त्या जागी शंभर बारपर्यंत दाब येऊ शकतो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त. आटा आणि खोबणी दोन्ही असलेली तयार बुशिंग (भोकात बसवायची नळी) काही ठिकाणी मिळते, ती सरळ बसवता येणारा माणूस असेल तर चालेल. नाहीतर कॅलिपर. आणि तोवर आंबा घाटाचा बेत पुढे ढकला. गळका ब्रेक घेऊन कोल्हापूरच्या बाहेरही जाऊ नका. ऑइलची टाकी पाहा, पातळी उतरली असेल तर गाडी उचलून न्या.

प्रश्न : तुटलेल्या निपलमुळे पुढचे दोन्ही कॅलिपर नवे बसवले. तेव्हापासून हवा काढून काढून ऑइलच्या तीन बाटल्या संपल्या, तरी पेडल मऊच. पंप केलं की वर येतं, सोडून पुन्हा दाबलं की खाली. गॅरेजमध्ये आता मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा मुख्य सिलिंडर) गेलाय म्हणतात. खर्च करू का? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : ताई, खर्च करण्याआधी फक्त एक गोष्ट पाहा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून चाकाच्या आत डोकावा आणि निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, ते बघा. खालच्या असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला आहे.

कित्येक गाड्यांचे डावे-उजवे कॅलिपर आरशातल्या प्रतिमेसारखे असतात आणि उलट बाजूलाही बिनबोभाट बसतात. पॅड बसतात, चाक फिरतं, सगळं ठीक वाटतं. पण हवा ऑइलच्या वर तरंगते आणि निपल खाली असला की वरची हवा आयुष्यभर तिथेच राहते. कितीही बाटल्या ओता. पंप केल्यावर पेडल वर येणं ही अडकलेल्या हवेची खूण आहे. मास्टर सिलिंडरची रबरं गेली असती तर पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकत गेलं असतं.

दोन्ही कॅलिपरची अदलाबदल करून घ्या. होज पाइपच्या बँजो बोल्टला (पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घालायला सांगा. आणि या सगळ्या खटपटीत ऑइलची टाकी कधी पूर्ण रिकामी झाली होती का, हे विचारा. तुमच्या गाडीत एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि टाकी कोरडी पडली असेल, तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसू शकते. ती नुसत्या पेडलने निघत नाही, स्कॅनर जोडून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात. मग तशी सोय असलेल्या ठिकाणी न्या.

निपल वर असतील, अदलाबदल झालेली नसेल, तर मला पुन्हा लिहा. गाडीचं मॉडेल आणि साल नक्की कळवा.

प्रश्न : मोटरसायकलच्या पुढच्या डिस्कचा निपल आवळताना आटे गेले. कॅलिपर ॲल्युमिनियमचा आहे. एम-सीलने बंद केला तर चालेल का? (एक विद्यार्थी, परभणी)

उत्तर : नाही. ब्रेक ऑइल एम-सीलला टिकू देत नाही आणि दाब त्याहून देत नाही. मोटरसायकलला पुढचाच ब्रेक थांबवतो, तो असा सोडू नकोस. ॲल्युमिनियमचे आटे पोलादी निपलपुढे मऊ असतात, म्हणून तिथे आवळायचा जोर कारपेक्षाही कमी, साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर. छोटा पाना डोक्याजवळ धरून दोन बोटांनी आवळला की पुरतो. कॅलिपर बदल. नवा परवडत नसेल तर त्याच मॉडेलचा जुना, पिस्टन मोकळा फिरणारा आणि निपल सुटणारा बघून घे. विकत घेण्याआधी दुकानातच निपल सोडून दाखवायला सांग, आणि रबर किट नवं घाल. काढलेलं ऑइल पेंटवर सांडू देऊ नकोस, सांडलंच तर लगेच पाण्याने धू, ब्रेक ऑइल रंग उचलतं.